कोणाला विचारायचं राहिलं?

प्रिय पोरी,

रात्री उशिरा पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी तू दिलीस, त्यावर तुझ्या पेपरच्या डेस्कवरचे वरिष्ठ म्हणाले, ‘तू शेतकऱ्याची पोर, म्हणून तुझी बातमी एकतर्फी होते.’ आणि तू रात्रभर डोकं धरून बसलीस, की आपण खरंच एका बाजूला झुकलेलो आहोत का? आहेस. पुढे चल.

तेही झुकलेलेच आहेत. महिन्याच्या महिन्याला पगार, घर शहरात, पोलिसांची प्रेसनोट शिक्क्यासह आली की ती त्यांना खरी वाटते. गाव बोलतं ते तोंडी असतं, म्हणून कच्चं वाटतं. बाबासाहेबांनी 1920 साली ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात लिहून ठेवलंय, की बरीचशी वृत्तपत्रं विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत. तेव्हा तुझ्या झुकण्याचं मला फारसं काही वाटत नाही. मला राग आलाय तो तुझी बातमी वाचून.

चार माणसं बोलली आहेत त्यात. सरपंच, पोलीस पाटील, चुलतभाऊ, शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीचा सचिव. चौघंही पुरुष. गेलेल्या माणसाची बायको ओसरीवर बसली होती हे तूच लिहिलंस, तिचं रडणंही लिहिलंस. तिचं एक वाक्य नाही! अगं, आपल्याकडे मायक्रोफायनान्सचं, म्हणजे छोट्या हप्त्यांचं कर्ज बहुधा बाईच्या नावावर असतं. पोलीस म्हणतात ‘मयताच्या नावे कर्ज आढळून आले नाही’, तर ते कागदोपत्री खरंही असेल. कर्ज तिच्या नावावर आहे. पैसा त्यानं बियाण्याला घातला असेल, हप्ता तिनं मजुरीतून भरला असेल, आणि हे गावात एकट्या तिलाच नीट माहीत. कोणाला विचारायचं राहिलं, हा एकच प्रश्न बातमी पाठवायच्या आधी स्वतःला विचार, असं मी तुला किती वेळा सांगितलंय?

आणि हे नुसतं बातमीपुरतं राहत नाही. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं जातं, तिथं ते पात्र किंवा अपात्र ठरतं, आणि पात्र ठरलं तर घरच्यांना 1 लाख रुपये मिळतात. बँकेचं, सोसायटीचं, परवानाधारक सावकाराचं कर्ज तिथं धरलं जातं. बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर केलेलं दुसऱ्याचं रान आणि चिठ्ठीवर घेतलेलं विनापरवाना सावकाराचं कर्ज कागदावर नसतंच. आपला बातमीदार ती यादी उतरवून घेतो, ‘जिल्ह्यात इतकी प्रकरणं पात्र’ असं छापतो आणि आपण कोणाचीच बाजू घेतली नाही म्हणून निवांत झोपतो. आकडा बरोबर असतो. अपात्राच्या घरी कोणी गेलेलं नसतं.

दुष्काळातली लातूरची पाण्याची रेल्वे तुला शाळेतली म्हणून आठवत असेल. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली गाडी आली, 5 लाख लिटर पाणी घेऊन. फलाटावर कॅमेऱ्यांची ही गर्दी! सगळ्यांनी गाडी दाखवली, कोणी खोटं लिहिलं असं नाही. पण 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भाग देऊन बघ, माणशी काय येतं ते. गाडी दिसते, तिचं स्वागत करणारे पुढारी दिसतात. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडेपर्यंत कोणाच्या रानात किती पाणी मुरलं, उसाला किती गेलं, हे विचारायला फलाट सोडून जावं लागतं.

तू शेवटी खोचक लिहिलंस, की सर, तुम्हीही साखर कारखान्याच्या जाहिराती आणायचात. आणायचो. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो, कमिशन असतं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, चेअरमनचा वाढदिवस. त्यावर घर चाललं, पोरांच्या फिया भरल्या, मला त्याची लाज नाही. पण ऊसतोड मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे देणाऱ्या मुकादमाला विचारलं तर बातमी होते ‘उचल घेऊन मजूर पळाले’, आणि त्याच मजुरांना उसाच्या फडावर जाऊन विचारलं तर ‘डांबून ठेवलेले मजूर सुटले’. मी फडावर जायचो. पहाटे, मोटारसायकलवर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, पण हिशेबाला मुकादमापुढं नवराच उभा असतो, हे तिथं गेल्यावर कळतं. डेस्कनं ती बातमी आतल्या पानावर सिंगल कॉलम टाकली, तो डेस्कचा प्रश्न. माझ्याकडून ती गेली होती. त्यापायी माझं संपादकांशी वाजलं, मोठ्या आवृत्तीत जायचं राहिलं, ते राहिलंच. सलतं अजून. बरं, ते असू दे.

आता जरा कडू सांगतो. तुला न आवडणारी माणसंही विचारायची राहतात. बँकेच्या मॅनेजरला तू फोन केला नाहीस, कारण तो दोषी हे तू गावात पाऊल टाकायच्या आधीच ठरवलं होतंस. सावकारालाही नाही. त्याला घाबरलीस म्हणावं तर तू घाबरणाऱ्यातली नाहीस, मग कंटाळा केलास का? सावकार खोटं बोलेल, बोलू दे. काय खोटं बोलतो ते लिहून घे, त्यातही बातमी असते. ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ हे वाक्य तीनदा फोन लावल्याशिवाय लिहायचं नाही.

नोकरी सोडायचं डोक्यात आहे ते काढ. तू गेलीस तर तुझ्या जागी येणारा प्रेसनोटच टाइप करील.

दहावं झालं की त्या गावाला पुन्हा जा. त्याआधी पाहुण्यांचा राबता असतो, दीर-भाया तिला बोलू देत नाहीत. फोटोग्राफर नेऊ नकोस. आधी तिच्या सासूजवळ बस, चहा दिला तर नाही म्हणू नकोस. मग हप्त्याचं कार्ड दाखवा म्हण. त्यावर नाव असतं, तारखा असतात, कुठल्या आठवड्यापासून हप्ता थकला ते दिसतं. तिची परवानगी घेऊन उतरवून घे, आणि परतताना बँक लवकर बंद होते हे लक्षात ठेव.

तुझा,
सर