एकाच ब्लॉकचे दोन पीडी-एल१ आकडे

प्रश्न : वडिलांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, स्क्वॅमस प्रकारचा. एकाच बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) एका लॅबने पीडी-एल१ ‘सीपीएस १२’ दिला, दुसरीने ‘टीपीएस ५ टक्के’. कुणाचं चुकलं? पुन्हा एंडोस्कोपी करावी लागेल का?

उत्तर : बहुधा कुणाचंच चुकलेलं नाही. मोजणीची रीत वेगळी आहे. पीडी-एल१ हे पेशींवरचं एक प्रथिन; ते रंगवून किती पेशींवर आहे ते मोजतात, आणि त्यावरून इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चालना देणारी) औषधं कितपत उपयोगी पडतील याचा अंदाज घेतात. समजा, स्लाइडवर कॅन्सरच्या १००० जिवंत पेशी आहेत. त्यांतल्या ५० पेशींच्या कडेला रंग चढलाय, शिवाय गाठीत आणि लगतच्या भागात रंगलेल्या ७० लिम्फोसाइट व मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी आहेत. टीपीएसमध्ये (ट्यूमर प्रपोर्शन स्कोअर) फक्त कॅन्सरपेशी धरतात, म्हणून ५ टक्के. सीपीएसमध्ये (कम्बाइन्ड पॉझिटिव्ह स्कोअर) ५० अधिक ७०, भागिले १०००, गुणिले १०० : म्हणजे १२. सीपीएसपुढे टक्क्याचं चिन्ह लावत नाहीत. लावलेलं दिसलं तर रिपोर्ट जरा सावधपणे वाचा.

खरा घोळ होतो तो रोगप्रतिकारक पेशी मोजताना. प्लाझ्मा पेशी, न्यूट्रोफिल, इओसिनोफिल धरायचे नसतात. अन्ननलिकेच्या गाठीवर व्रण असतो आणि व्रणाच्या तळाशी या पेशींची गर्दी. त्या चुकून मोजल्या की सीपीएस ८ चा सहज १२ होतो. हा फरक किरकोळ नाही, कारण कीनोट-५९० चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधासाठी सीपीएस १० ही महत्त्वाची रेषा होती; निवोलुमॅब या तशाच औषधाच्या चेकमेट-६४८ चाचणीत मात्र टीपीएस १ टक्का. त्यामुळे आकडा कोणत्या औषधासाठी हवा आहे, हे आधी ठरतं.

पीडी-एल१ रंगवायला वापरलेल्या अँटिबॉडीचं नावही रिपोर्टमध्ये पाहा. २२सी३, २८-८ आणि एसपी२६३ कॅन्सरपेशींवर बऱ्यापैकी जवळपासचे निकाल देतात. एसपी१४२ कॅन्सरपेशी कमी रंगवते, तिचा आकडा बाकीच्यांशी ताडून पाहू नका. एसपी२६३ बरोबर कधी ‘टीएपी’ (ट्यूमर एरिया पॉझिटिव्हिटी) येतो : त्यात पेशी मोजत नाहीत, गाठीच्या क्षेत्रफळाचा किती भाग रंगलेल्या पेशींनी व्यापलाय याचा नजरेने अंदाज घेतात.

पुन्हा एंडोस्कोपी? ब्लॉकमध्ये किमान १०० जिवंत कॅन्सरपेशी असतील तर सहसा नको. त्याच ब्लॉकचे ४-५ मायक्रॉनचे ताजे काप घ्यायला सांगा. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या कापांवरचा रंग फिका येतो आणि खोटा ‘निगेटिव्ह’ मिळतो. तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तास राहिला होता का, तेही विचारा. त्याच बॅचमध्ये टॉन्सिलचा कंट्रोल (रंग नीट चढतो का हे तपासायचा नमुना) हवा : क्रिप्टचं, म्हणजे टॉन्सिलमधल्या खोल खाचांचं, अस्तर गडद, वरचं अस्तर कोरं. क्रिप्टच फिकं असेल तर रुग्णाच्या स्लाइडवर विश्वास ठेवू नये.

नव्याने बायोप्सी करावीच लागली, तर ६ ते ८ तुकडे घ्यायला सांगा. व्रणाच्या तळातून घेतलेल्यात मेलेल्या पेशीच जास्त निघतात, म्हणून कडेचे तुकडे हवेत. शिवाय पीडी-एल१ गाठीत सगळीकडे सारखं नसतं. दोन्ही स्लाइड एकाच पॅथॉलॉजिस्टला दाखवून सीपीएस आणि टीपीएस एकाच रिपोर्टवर, अँटिबॉडीच्या नावासकट मागून घ्या.