खरंच बारा-तेरा वर्षांची पोरं खोटं वय सांगून युद्धात लढली का? आणि पकडली कशी गेली नाहीत?

हो, लढली. आपल्याकडे वय चोरतात ते कमी सांगायला, या पोरांनी वाढवून सांगितलं.

लंडनचा सिडनी लुईस ऑगस्ट १९१५ मध्ये भरती झाला तेव्हा १२ वर्षांचा होता. फ्रान्समधल्या सोम इथल्या लढाईत तो मशीनगनच्या तुकडीत होता, वय १३. अमेरिकेचा कॅल्विन ग्रॅहम १९४२ मध्ये बाराव्या वर्षी नौदलात शिरला आणि पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला. वय उघड झाल्यावर त्यालाच कोठडीत टाकलं. सन्मानाने सेवामुक्ती मिळायला १९७८ उजाडलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात भरतीच्या वयाखालची अडीच लाखांच्या आसपास मुलं असावीत, असा अंदाज आहे.

पकडली जात नसत, कारण कोणी पकडायलाच बसलेलं नव्हतं. तेव्हा ब्रिटनमध्ये भरतीसाठी १८ आणि परदेशी लढायला १९ वर्षांची अट होती, पण जन्मदाखला मागत नसत. उंची बघायची, छाती मोजायची, तोंडी सांगितलेलं वय लिहून घ्यायचं. भरती करणाऱ्या सार्जंटला माणशी पैसे मिळत. समोरचं पोर मिसरूड न फुटलेलं आहे हे त्याला दिसत नसेल? मी तरी दोष पोरांना देत नाही.

सिडनी सुटला तो आईमुळे. तिने जन्मदाखला थेट युद्धखात्याकडे पाठवला.

आमच्या पणजीकडे दाखला नव्हता. आम्ही इंदूरचे, राजवाड्यामागे राहणारे. १९४२ मध्ये आजोबा घरात न सांगता महूच्या लष्करी छावणीत गेले आणि पंधराचे अठरा सांगून आले. पणजी कधी एकटी सराफ्यापलीकडे गेली नव्हती. ती मीटरगेजच्या गाडीत बसून महूला गेली, आजोबांची जन्मपत्रिका पदरात गुंडाळून. ती पत्रिका आजही आमच्याकडे आहे: लांब भेंडोळं, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, वैशाख शके १८४९. तिथल्या कारकुनाने ती उलगडलीसुद्धा नाही. "आजी, यावर शिक्का कुठाय?" म्हणाला. पणजी तेव्हा जेमतेम पस्तिशीची होती.

आजोबा १९४६ मध्ये सुखरूप परतले. पण फौजेच्या कागदावर जन्मसाल १९२४ लागलं ते लागलंच. पुढे सरकारी नोकरीत तेच धरलं. बदलून घ्यायला त्यांनी किती अर्ज केले, त्यांच्या नकला ट्रंकेत आहेत. प्रत्येकाचं उत्तर एकच: वय आपण स्वतःच सांगितलेलं आहे. १९७९ मध्ये 'पंचावन्न पूर्ण' म्हणून त्यांना निवृत्त केलं. खरे बावन्न होते. माझी आई तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, मामा दहावीत. आजोबांनी पुढची तीन वर्षं एका किराणा दुकानात हिशेब लिहिले.