हेडफोन घ्यायचाय? आधी खोली कशी आहे ते सांगा

यावेळी आलेल्या प्रश्नांत हेडफोनचे प्रश्न इतके आहेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत, राउटरवाले आणि प्रिंटरवाले लोक जरा थांबा.

प्रश्न : दादा, मी कोथरूडला फ्लॅटवर राहतो, एका रूममध्ये दोघं. रात्री व्हॅलोरंट आणि सीएस २ हे शूटिंग गेम खेळतो, दिवसा कोडिंग करताना गाणी चालूच असतात. बजेट आठ हजार, ताणून नऊ. एक मित्र म्हणतो ७.१ सराउंडवाला गेमिंग हेडसेटच घे नाहीतर फुटस्टेप्स कळणार नाहीत, दुसरा म्हणतो ओपन बॅक घे, गेमिंग हेडसेट म्हणजे पैसे पाण्यात. डोकं भंजाळलंय. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : दोघांनीही तुला मुख्य गोष्ट विचारलीच नाही, तुझा रूममेट किती वाजता झोपतो? ओपन बॅक म्हणजे कपाला मागून जाळी असते, त्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, मोकळा पसरतो, कानही कमी तापतात आणि एप्रिल-मेच्या पुण्यात हे सुख छोटं नाही. पण त्याच जाळीतून आवाज बाहेरही जातो. रात्री दीडला तुझा गोळीबार शेजारच्या कॉटवर व्यवस्थित ऐकू जाणार आणि त्याचा फॅन, त्याचं घोरणं तुझ्या कानात येणार. शेअरिंग रूममध्ये क्लोज्ड बॅक, म्हणजे मागून बंद असलेला, विषय संपला. स्वतःची खोली झाली की ओपन बॅकचा विचार कर, मीच सांगेन घे म्हणून.

आता ते ७.१, म्हणजे चहूबाजूंनी सात स्पीकर आणि एक बेसचा असा दावा. हेडफोनात बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, दोनच असतात, एक डावा एक उजवा, बॉक्सवर काही का लिहिलेलं असेना. आणि आपल्याला कानही दोनच आहेत तरी मागून आलेली रिक्षा आपल्याला न बघता कळतेच ना. उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो, शिवाय कानाच्या पाळीच्या वळणांवर आपटून त्याचा पोत बदलतो, मेंदू एवढ्यावरून दिशा काढतो. हेच गणित सॉफ्टवेअरने करण्याला एचआरटीएफ म्हणतात, आणि तुझ्या दोन्ही गेममध्ये ते आधीच आहे, व्हॅलोरंटमध्ये ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं, सीएस २ मध्ये इंजिनातच बसवलेलं आहे. त्याच्यावर हेडसेटचं ७.१ आणि विंडोजचा स्पेशियल साउंड असं सगळं एकावर एक चढवलंस तर दिशा गढूळ होते, पुढचा आणि मागचा एकच वाटायला लागतो. म्हणून गेममधलं चालू, बाकीचं बंद, आउटपुट साधं स्टिरिओ. ज्या गेममध्ये आतून काही सोय नाही तिथे विंडोजमधलंच विंडोज सॉनिक हे स्पेशियल साउंड लावून बघ, फुकट आहे, आवडलं नाही तर काढून टाक.

मग फुटस्टेप्स ऐकू का येत नाहीत लोकांना? बऱ्याचदा बेसमुळे. स्वस्तातल्या बऱ्याच गेमिंग हेडसेटमध्ये बेस मुद्दाम फुगवलेला असतो, स्फोट झाला की दुकानात गिऱ्हाईक खूश. पण खालचा जोरदार आवाज त्याच्या वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, ही आपल्या कानाचीच रचना आहे, त्यामुळे ग्रेनेड फुटतो त्या क्षणाला पावलं गायब. गाण्यातही तेच होतं, बेस गिटार आणि किक पुढे आणि गाणारा मागच्या खोलीत. म्हणजे गेमसाठी एक आणि गाण्यासाठी एक असं काही नसतं रे, जो हेडफोन सगळे आवाज आपापल्या जागी ठेवतो तो दोन्हीला चालतो, आणि जो गाणं बिघडवतो तो गेममध्येही तुला मागून मार खायला लावतो.

तुझ्या बजेटमध्ये ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स बघ, क्लोज्ड आहे, ३५ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी असला की साध्या जॅकवरही सहसा वाजतो), लॅपटॉपवर आरामात चालतो, केबल निघते त्यामुळे ती खराब झाली तर अख्खा हेडफोन जात नाही. किंमत सेलप्रमाणे वरखाली होते, लक्ष ठेव. यात माइक नाही. कॉलर माइक काही शे रुपयांत मिळतो आणि डिस्कॉर्डमध्ये, म्हणजे टीमशी बोलायच्या ॲपमध्ये, नॉइज सप्रेशन लावलंस की तेवढ्यावर टीमचं भागतं, फॅनचा आवाजही बराच जातो. माइकची वेगळी लफडी नकोच असतील तर हायपरएक्स क्लाउड २ ठीक आहे, त्याचं ७.१ यूएसबी डोंगलमध्ये आहे, डोंगल काढून सरळ ३.५ मिमी जॅकने लावला की साधा स्टिरिओ हेडसेट. फक्त तुझ्या पीसीला माइकचा आणि हेडफोनचा जॅक वेगवेगळा असेल तर वाय स्प्लिटर लागेल. असल्या वस्तूंना, म्हणजे स्प्लिटर, केबल, पॅड, बुधवार पेठेतली तपकीर गल्ली झिंदाबाद.

५० मिमी ड्रायव्हर, आरजीबी लाइट, बॉक्सवरचा ड्रॅगन, हे सगळं बाजूला ठेव. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा नावाजलेला हेडफोन, त्याचा ड्रायव्हरसुद्धा ५० मिमीपेक्षा लहान आहे. वजन मात्र बघ, २५०-३०० ग्रॅमपर्यंत त्रास होत नाही, ३५०च्या पुढे गेलं की मान बोलायला लागते. आणि चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट दहा मिनिटं घालून बस, काडीमुळे पॅडला फट राहिली की क्लोज्ड हेडफोनचा बेस तिथूनच गळतो.

प्रश्न : नमस्कार. वय ७१, सदाशिव पेठ. सवाईला आता रात्री उशिरापर्यंत बसवत नाही, म्हणून घरीच लॅपटॉपवर शास्त्रीय संगीत ऐकतो. नातवाचा गेमिंग हेडसेट लावून पाहिला तर तानपुरा ऐकूच येईना आणि डग्गा नुसता ढुम्म ढुम्म. दुकानदार म्हणतो २५० ओहमचा घ्या, स्टुडिओत तोच वापरतात. नातू म्हणतो आजोबा, चांगला एकच घेऊ, दोघं वापरू. जमेल का? शिवाय लॅपटॉपला चार्जर लावला की हेडफोनमध्ये घूं असा आवाज येतो. (एक रसिक, पुणे ३०)

उत्तर : काका, जमेल, आणि नातवाचा फायदा तुमच्यापेक्षा जास्त होईल. तुमचा तानपुरा आणि त्याची पावलं एकाच कारणाने बुडतायत, वर लिहिलंय तसं. तानपुऱ्याच्या जवारीतून जे वरचे स्वरांश निघतात ते अगदी नाजूक असतात आणि फुगलेल्या बेसखाली पहिले तेच जातात. डग्ग्याचंही तसंच, घिस्सा मारल्यावर जो स्वर सरकतो तो ऐकू यायला हवा, नुसता धक्का नको. दुकानात हेडफोन तपासताना हीच दोन ठिकाणं ऐका, दुकानदार त्याचं डेमोचं धडाकेबाज गाणं लावेल, त्याला थांबवा आणि तुमच्या फोनवरचा विलंबित ख्याल लावा.

तुमच्याकडे स्वतंत्र खोली आहे असं धरून चालतो, तर सरळ ओपन बॅक घ्या. फिलिप्सचा एसएचपी९५०० ३२ ओहमचा, लॅपटॉपला पुरतो. खर्च वाढवायची तयारी असेल तर सेनहायझरचा एचडी ५६०एस, १२० ओहमचा आहे तरी लॅपटॉपवर साधारण चालून जातो, खूप मोठ्याने ऐकायची सवय असेल तर मात्र छोटा डॅक (लॅपटॉप आणि हेडफोनच्या मध्ये लावायची आवाजाची डबी) लागेल. दुकानदार म्हणतो तो २५० ओहमचा बहुधा बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो असणार. स्टुडिओत वापरतात हे खरं, पण तिथे त्याच्यामागे चांगला अँप्लिफायर असतो, लॅपटॉपच्या जॅकवर तो पुटपुटल्यासारखा वाजेल. ओहम जास्त म्हणजे दर्जा जास्त असं समीकरण नाही. त्याचे वरचे स्वर जरा धारदार आहेत हेही सांगून ठेवतो, आणि इथे वयाचा मुद्दा येतो, राग मानू नका, वय वाढतं तसं वरच्या पट्टीचं ऐकणं सगळ्यांचंच कमी होतं, त्यामुळे तुम्हाला गोड वाटलेली धार नातवाला टोचू शकते. खरेदीला दोघं मिळून जा.

घूं आवाज हेडफोनचा दोष नाही. चार्जर काढून बॅटरीवर ऐका, आवाज गेला तर चार्जरमधून किंवा अर्थिंगमधून येतोय. जुन्या इमारतीत अर्थिंगची बोंब असते, एकदा वायरमनला दाखवा, तो नुसत्या हेडफोनचा प्रश्न नाही. तोवर बॅटरीवर ऐका.

प्रश्न : बीजीएमआय खेळताना माझ्या वायरलेस इअरबड्समध्ये गोळी आधी दिसते आणि आवाज मागून येतो. माइक चालू केला की सगळा आवाज टेलिफोनसारखा होतो. फोनला जॅक नाहीये. काय करू? (हडपसर)

उत्तर : ब्लूटूथ आहे, दुसरं काय. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायची पद्धत) आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो, व्हिडिओ बघताना ॲप ते जुळवून घेतं, गेमला ते जमत नाही कारण तू बटण कधी दाबणार हे त्याला आधी माहीत नसतं. बड्समध्ये गेम मोड असेल तर लाव, फरक पडतो पण वायरएवढा नाही. आणि माइक चालू झाला की बहुतेक बड्स कॉलच्या प्रोफाइलवर जातात, त्यात दर्जा पडतोच, बड्स दहा हजारांचे असले तरी. वायरवाले इन-इअर घे, मूनड्रॉपचा चू २ किंवा त्याच तोडीचं काहीही, माइकवाली केबल बघून घे, आणि सोबत टाइप-सी ते ३.५ मिमी डॅक डोंगल. खेळताना चार्जिंगही करायचं असेल तर चार्जिंगची जागा असलेला डोंगल माग. पीएस५ वाल्यांनी पण ऐका, त्याला ब्लूटूथ हेडफोन थेट जोडता येत नाही, कंट्रोलरला जॅक आहे तिथे वायर लावा.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, रोज तीन-चार तास हेडफोन लावून बसतो, हाक मारली तर ओ देत नाही. कान खराब होतील का हो? काही मर्यादा असते का? (एक आई, बिबवेवाडी)

उत्तर : ताई, ओ न देण्याचं कारण कान असेलच असं नाही! पण मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी धरलेलं प्रमाण ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो, ८३ ला २० तास, ८६ ला १०. म्हणजे रोज चार तास हा आकडा एकट्याने वाईट नाही, आवाज किती ते बघायचं. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधल्या हिअरिंगमध्ये डेसिबल दिसतात. तसं काही नसेल तर त्याचा हेडफोन त्याच्या नेहमीच्या आवाजावर ठेवून तुम्ही एकदा कानाला लावा, दचकलात तर जास्त आहे. खोलीत फॅन, मिक्सर, रस्ता असा गलका असेल तर तो दाबायला मुलं आवाज वाढवत नेतात, तिथे घट्ट बसणारा क्लोज्ड हेडफोन उलट बरा, कमी आवाजात भागतं. खेळून उठल्यावर कानात सूं वाजत राहतं का, टीव्हीचा आवाज वाढवायला लागलाय का हे विचारा, हो म्हणाला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याची चाचणी करून घ्या.

तो ढोल पथकात जातो का हे तुम्ही लिहिलेलं नाहीत. जात असेल तर आधी तिकडे लक्ष द्या, ताशाच्या शेजारी दोन तास उभं राहणं हे हेडफोनपेक्षा कानाला कितीतरी जड जातं, आणि फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये किरकोळ पैशात मिळतात, सरावालासुद्धा घालायचे, फक्त मिरवणुकीला नाही.