आधी ईएमटी, मग रडारड

खानापूरच्या ताई, तुम्ही लिहिता, "मुलाला एपी बायॉलॉजीत (शाळेतच घेतात तो कॉलेजच्या तोडीचा विषय) ए आहे, मेडिकलला जाईल म्हणून आम्ही निवांत होतो. आता म्हणतो फायरफायटर-पॅरामेडिक होणार. सासूबाई विचारतात, बंबावर चढायला अमेरिकेत कशाला गेलात?"

सासूबाईंचं सोडा हो, पण तुम्ही इतकी वर्षं तिथे राहून असं म्हणावं? तुमच्याकडे बंब निघतो तो बहुतेक वेळा आगीसाठी नाही, कुणाच्या तरी छातीत दुखतंय म्हणून. सासूबाईंना सांगा, आपल्याकडे १०८ च्या गाडीतून येतो तो माणूस आणि बंबावरचा माणूस तिकडे बऱ्याच ठिकाणी एकच असतो. ईसीजी वाचणं, शिरेतून औषध देणं, श्वासनलिकेत नळी घालणं, हे पॅरामेडिकचं काम. त्याचा अभ्यासक्रम साधारण १,२०० ते १,८०० तासांचा. आणि तुम्ही म्हणता "शिक्षण सोडतोय"!

माझं पालुपद जुन्या वाचकांना पाठ आहे: आधी ईएमटी, म्हणजे अँब्युलन्सवरच्या तातडीच्या उपचारांचं पहिल्या पायरीचं प्रशिक्षण. पॅरामेडिकला जायचं तर ते लागतंच. कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टरचं काम, दीड-दोनशे तास. त्यातच अँब्युलन्सवर नाहीतर इमर्जन्सीत पाठवतात. तिथे उलटी, रक्त, बाथरूममध्ये पडलेले उघडेवाघडे आजोबा, सगळं दिसतं. ज्याला सोसत नाही तो तिथूनच परततो. गेलं तर एक सेमिस्टर. बरेच जण हे सोडून थेट फायर अकादमीच्या फॉर्मच्या मागे लागतात.

आमच्या भाच्याचं असंच. त्याचे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतले, त्यांना वर्दीचं कौतुकच. तोंड फुगलं होतं वहिनीचं, म्हणजे त्याच्या आईचं. ईएमटी झाल्यावर पोरगा निपाणीला आजोळी गेला आणि सोप्यावर बीपीचं मशीन मांडून बसला. अख्खी गल्ली दंडाला पट्टा बांधून घ्यायला हजर! शेजारच्या मावशींचं प्रेशर इतकं चढलेलं, की त्या "चहा ठेवून येते" म्हणत होत्या तरी यानं त्यांना तसंच रिक्षात घातलं. तेव्हापासून वहिनी गप्प आहे.

एक मात्र बघा, पोरगा जिमला जातो की नुसते फोटो काढतो? सीपॅट म्हणून शारीरिक चाचणी बऱ्याच ठिकाणी असते. अंगावर ५० पौंडांचं जॅकेट, सुरुवातीच्या जिन्याला आणखी २५ पौंड, आणि आठही प्रकार १० मिनिटं २० सेकंदांत उरकायचे. तयारी आत्तापासूनच हवी.

बाकी तुमच्या चिंता. ड्यूटी बऱ्याच ठिकाणी २४ तासांची, मग दोन दिवस सुट्टी. तुमच्या आयटीवाल्या यजमानांपेक्षा घरी जास्त दिसेल. शाकाहाराचं म्हणाल तर स्टेशनवर पाळीपाळीनं रांधतात, आमटी-भात शिकवून पाठवा. लग्न? अहो, अठराचा आहे तो.

सासूबाईंना फोन तुम्ही करू नका, त्यालाच करू दे. मराठी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. "आजी, शुगरच्या गोळ्या कुठल्या घेतेस?" एवढं विचारलं, की पुढचा अर्धा तास त्याच बोलतील.