पॅडलवर लोड सेल लावून जोर मोजता येतो का?

कयाकच्या पॅडलच्या दांड्यावर स्ट्रेन गेज (लोड सेलच्या आत असते ती ताण मोजणारी पट्टी) चिकटवून हिपरग्याच्या तलावात रीडिंग घ्यायचं म्हणायलास आणि किती किलो जोर लागतो ते थेट कळेल का विचारलंयस. थेट नाही कळत भावा. स्ट्रेन गेज दांडा किती वाकला ते सांगतो, म्हणजे जोर गुणिले अंतर (ह्यालाच मोमेंट म्हणतात), आणि हे अंतरच फिरत असतं, पातं अर्धंच बुडालं तर पाण्याचा रेटा टोकाकडं, पूर्ण बुडालं की वर सरकतो, जोर तोच पण आकडा वेगळा.

म्हणून खालचा हात आणि पातं यांच्यामधे दोन ठिकाणी गेज लाव, समज २० सेंमी अंतरावर. दोन्हीकडच्या मोमेंटचा फरक भागिले ०.२ केलं की न्यूटनमधे जोर, रेटा पात्यावर कुठं का असेना. चेक करायला दांडा टेबलाला आडवा आवळ, पातं सपाट ठेव, ५ किलो वजन टांग आणि ते पात्यावर मागंपुढं सरकव, उत्तर ४९ न्यूटनच्या आसपासच राहिलं पाहिजे. हलायलं तर गेज वाकडे बसलेत, नाहीतर दोन्ही ठिकाणचं कॅलिब्रेशन जुळत नाही. प्रत्येक ठिकाणी चार गेजचा फुल ब्रिजच कर (चारही असे जोडायचे की तापण्याचा परिणाम एकमेकांत कटतो), नाहीतर आपल्या सोलापूरच्या उन्हात दांडा तापला की हात न लावताच रीडिंग सरकतंय.

गेजचा बारीक सिग्नल वाढवून आकड्यात बदलायला एचएक्स७११ चिप स्वस्त आहे, चालतंय, पण बरेच बोर्ड सेकंदाला १० च रीडिंग देतात, पातं अर्धा सेकंद पाण्यात राहिलं तर पाच आकडे मिळणार आणि नेमका सगळ्यात मोठा जोर मधेच निसटणार. रेट पिन ग्राउंडवरून काढून सप्लायला जोड, ८० होतात. गेजला पाणी लागू नये म्हणून वरून सिलिकॉन मारताना व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नको, ते तांबं खातंय, न्यूट्रल क्युअरवालं माग.

आणि बोट पुढं न्यायला किती जोर लागतो एवढंच बघायचं असेल तर ह्यातलं काहीच नको की. उजनीला एखाद्या मोटारहोडीवाल्याला पटव, लांब दोरीनं कयाक ओढायला सांग, दोरीच्या मधे हँगिंग काटा, मोबाईलवर जीपीएस, कयाकमधे तू स्वतः बसलेला (लाईफ जॅकेट घालून, सांगायला लागू नये), आणि होडीच्या लाटांतून बाजूला राहा. वारा नसताना जा, जाताना-येताना दोन्हीकडून घे. सेकंदाला २ मीटर स्पीडला काटा २ किलो दाखवत असेल तर साधारण ४० वॉट झाले. पॅडलवरचा आकडा ह्याच्या कितीतरी वर जाईल, कारण पातं थोडाच वेळ पाण्यात असतंय आणि तेवढ्यातच सगळा जोर लागतोय, तेव्हा लगेच कॅलिब्रेशन चुकलं म्हणून गेज उपटत बसू नको.