‘सुटल्यासारखे वाटले’ हे बोलून दाखवावे का?

चार वर्षे अंथरुणाला खिळलेले पती गेले, रडू आले नाही, उलट सुटल्यासारखे वाटले. हे चारचौघांत बोलण्याचे स्वातंत्र्य मला आहे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते आहे. मात्र कोणापुढे बोलायचे हे तुम्ही ठरवावे, नातेवाइकांनी नव्हे.

माझी आई पक्षाघाताने तीन वर्षे अंथरुणावर होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. ती गेली त्या रात्रीही मी सवयीने दोन वाजता उठले, रिकाम्या पलंगापाशी जाऊन आले आणि मग सकाळी आठपर्यंत गाढ झोपले. ती झोप मावशीला खटकली. ‘लेकीच्या डोळ्यांत टिपूस नाही,’ असे ती स्वयंपाकघरात, मला नेमके ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाली.

आदल्या दिवशी दारातून आत येताना हीच मावशी ‘सुटली बिचारी’ म्हणाली होती. गेलेले माणूस सुटले, असे म्हणण्याची आपल्याकडे सर्वांना मुभा आहे. त्याच दुखण्यातून मागे राहिलेलेही सुटले, असे म्हटले की मात्र माणसे दचकतात.

राज्यघटनेच्या कलम १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य शासनापुढे मागता येते, मावशीपुढे नाही. दुःख कसे दिसावे याचे नियम समाजाचे असतात आणि ते समाजालाच बदलावे लागतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. हे मोठेच पाऊल होते. तरीही त्या ठरावाने बांगड्या हातात राहतात एवढेच. पतीच्या जाण्याने माझ्या अंगावरचे ओझे उतरले, असे म्हणणाऱ्या बाईच्या बाजूने ठराव करणारी ग्रामसभा मला तरी दिसत नाही.

म्हणून भेटायला येणाऱ्यांना ‘फार हाल झाले हो त्यांचे’ एवढे सांगितले तरी पुरे. ते खरेच आहे. रडण्याचे सोंग मात्र करू नका, विशेषतः मुलांपुढे, कारण ती चार वर्षे त्यांनीही पाहिलेली असतात. मला रडू आले ते पाचव्या महिन्यात, भाड्याने आणलेला एअर बेड परत करताना, दुकानदारासमोर. तो बिचारा अनामत रक्कम मोजता मोजता थांबला.

मनातले मी पहिल्यांदा सांगितले ते वर्षश्राद्धाच्या दिवशी, पाने मांडताना, धाकट्या भावाला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की स्मशानातून परतताना त्याच्या मनात पहिला विचार आला होता तो असा, की आता रात्री फोन वाजला तर दचकायला नको.