गणपतीला पुण्याहून चिपळूणला सासरी जायचंय, आम्ही दोघं, सोबत आईबाबा आणि दोन मुलं. मोटरहोम भाड्याने घ्यावी की आपली कारच बरी?

कारच घ्या. सहा जण आरामात मावत नसतील तर सात सीटर भाड्याने घ्या.

मोटरहोमचा मुख्य फायदा म्हणजे मुक्कामाची सोय, आणि तुम्ही मुक्काम तर घरीच करणार. सासूबाई अंथरुणं घालून वाट बघत असताना तुम्ही अंगणात गाडीत झोपणार का? (झोपून बघा, पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल.)

दुसरं म्हणजे रस्ता. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली मोटरहोम साधारण 7 मीटर लांब असते, छोटी कार 4 मीटरच्या आत. कराडवरून कुंभार्ली घाटाच्या वळणांवर, भाद्रपदातल्या पावसात आणि धुक्यात, हा फरक चांगलाच जाणवतो. वाडीतल्या गडग्यांमधून गाडी वळवणं तर विसराच. डिझेल आणि भाडंही जास्त.

आईबाबांना वारंवार बाथरूम लागत असेल तर मोटरहोमचा विचार समजू शकतो. पण पुणे ते कराड हायवेवर हॉटेलं, पेट्रोल पंप भरपूर आहेत. कराडला निवांत थांबा, मग घाट उतरा.

पुढे सगळे मिळून गोवा-कर्नाटक फिरणार असाल, तेव्हा मोटरहोम जरूर घ्या.